सायकल जागची न हलवता जोतिबाला

इंग्लंडमधल्या शेफिल्डात दर गुरुवारी संध्याकाळी मी इनडोअर सायकलिंगचा क्लास घेते. पोटापाण्याची नोकरी वेगळी, ही निव्वळ हौस. २० सायकली, अंधुक दिवे, ४५ मिनिटं आणि घाम. याला बरेच जण स्पिनिंग म्हणतात, पण तो शब्द एका कंपनीचा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, म्हणून आमच्या फलकावर साधं ‘इनडोअर सायकलिंग’. महिन्यातून एकदा थीम असते. ऐंशीच्या दशकातली गाणी झाली, भुताटकी झाली, नाताळात रेनडियरची शिंगं लावून पायडल मारून झाले. एप्रिल माझ्या वाट्याला आला.

शेफिल्ड चढांचं गाव. २०१४ साली टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा यॉर्कहून इथं आला, तेव्हा शेवटाला जेनकिन रोडचा चढ होता, काही ठिकाणी ३३ टक्क्यांचा. त्या चढाबद्दल इथली माणसं अशी बोलतात, जशी आपल्याकडची जुनी मंडळी कोल्हापूरच्या खासबागेतल्या कुस्तीबद्दल बोलतात. मग मी ठरवलं, यांना आपला चढ दाखवायचा. एप्रिल म्हणजे चैत्र. चैत्र म्हणजे जोतिबा.

आखणी मात्र डिसेंबरमध्येच झाली होती, सुट्टीला कोल्हापुरात आले होते तेव्हा. दादाची जुनी सायकल काढली आणि पहाटे शिवाजी पुलावरनं निघाले. आई म्हणाली, “मी येतो की मागनं स्कूटरवरनं.” (आमच्याकडं बायकाही येतो-जातो म्हणतात, पुणेकरांनी उगाच कान टवकारू नयेत.) वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबाचा डोंगर, १७-१८ किलोमीटर. पंचगंगेवर धुकं होतं. केर्लीपर्यंत फारसा त्रास नाही, त्रास उसाच्या ट्रॅक्टरांचा. एकामागं एक दोन ट्रॉल्या, वर डोंगरभर ऊस, डुलत चाललेल्या. मागं अडकलं की बसायचं धूर खात, संधी मिळाली की जीव खाऊन पुढं निघायचं. क्लासमधला सगळ्यात चांगला व्यायाम मला तिथं सापडला. आता मी ओरडते, “ट्रॉली!” आणि सगळे सायकल जड-हलकी करायचा नॉब घट्ट करून जड पायानं चालवतात. “काढा ओव्हरटेक!” म्हटलं की ३० सेकंद सुसाट. असं तीनदा. शेफिल्डच्या लोकांना ट्रॉली हा शब्द आता नीट कळतो, फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर सुपरमार्केटमधली येते.

आता गाण्यांचं. लोकांना वाटतं, टोप्या घातल्या आणि विषयाला धरून गाणी लावली की झाली थीम. पण गाणं पायाला जुळावं लागतं. सपाटीला साधारण मिनिटाला ८० ते ११० फेरे, चढाला ६० ते ८०. म्हणजे ६५ फेऱ्यांचा चढ असेल तर १३० ठोक्यांचं गाणं हवं. एका ठोक्याला डावा पाय, पुढच्याला उजवा. सपाटीला ढोलकीवरच्या चालत्या लावण्या छान बसल्या. घाटाच्या सुरुवातीला धनगरी ढोल, कारण तो छातीत वाजतो आणि माणूस आपोआप वाकून जोर लावतो. वर पोहोचताना मात्र हलगीच पाहिजे होती, आणि मला हवी तशी रेकॉर्ड केलेली कुठं मिळेना.

दादानं पेठेतली हलगी-कैताळवाली पोरं गाठली. म्होरक्यानं पहिला प्रश्न टाकला, “सुपारी कशाची? लग्न का मिरवणूक?”

“सायकलची,” दादा म्हणाला.

“शर्यत हाय?”

“न्हाई. एका खोलीत वीस जण सायकल मारत्यात. सायकल जागची हलत न्हाई.”

पोरानं माझ्याकडं बघितलं. “ताई, मग पोचतासा कुठं?”

तरी वाजवलं, आणि नाद खुळा वाजवलं. घरी येऊन मोबाइलवर ठोके मोजले. सुरुवात १३२ ला, तीन मिनिटांनी १६८. हलगी एका लयीत थांबतच नाही. पायडल मोजणाऱ्या बाईला ही मोठी अडचण. दोन रात्री लॅपटॉपवर त्याचे तुकडे केले, सारखी लय करून जोडले, आणि ऐकलं तर मेलेलं. सगळा जीव त्या चढत्या लयीतच होता. मग तुकडे पुसले. अख्खं रेकॉर्डिंग शेवटच्या चढाला ठेवलं आणि फेऱ्यांचा आकडा सांगायचाच नाही असं ठरवलं. लय वाढेल तसा नॉब थोडा थोडा सैल करायचा, म्हणजे पाय ६६ वरनं ८४ पर्यंत स्वतःच जातात. जोतिबाच्या यात्रेत उंच सासनकाठी नाचवणारे तरी कुठं मीटर बघतात?

जोतिबाला गुलाल-खोबरं उधळतात. गुलालाचा विषय काढला तेव्हा आमच्या मॅनेजरबाईंनी दारावरची ‘फरशी निसरडी’ ही पाटी मुकाट्यानं दाखवली. म्हणून गुलाबी टॉवेल. खोबरं मात्र वाटलं, बरणीवर ॲलर्जीची चिठ्ठी चिकटवून.

क्लास कसा झाला? पहिल्या ट्रॉलीला दोघं भलतीकडंच नॉब फिरवून बसले. ढोलाला सगळे गप्प, हे चांगलं लक्षण असतं. हलगी सुरू झाली आणि दीड मिनिटानं मला काही सांगावंच लागेना. मी ‘चांगभलं’ शिकवून ठेवलं होतं, सगळ्यांचं भलं होवो एवढाच अर्थ सांगून. शेवटच्या वीस सेकंदांत एकोणीस गोऱ्या-काळ्या-सावळ्या तोंडांतनं ‘चांगबलं’ निघालं. भ चा ब झाला, असू दे. माझा आवाज मात्र बसला होता, आणि तो ओरडण्यानं नव्हे.

वर पोहोचल्यावर टाळांच्या संथ ठेक्यावर पाय सैल केले आणि समोर पन्हाळा दिसतोय असं सांगितलं. उतार ठेवलाच नव्हता. या सायकलींचं जड चाक पायाला बांधलेलं असतं, पाय थांबवून नुसतं घरंगळता येत नाही, आणि नॉब पार सैल सोडून भरधाव फिरवलं तर माणूस सीटवर आदळत राहतो, गुडघे जातात ते वेगळंच. म्हणून माझा रस्ता देवळापाशीच संपतो.

पहिल्या रांगेत एक सत्तरीचे गृहस्थ बसतात, जेनकिन रोड उमेदीत कैकदा चढलेले. खोबरं चघळत जवळ आले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “चढलो ते ठीक. आता खाली कसं जायचं?”

आमच्याकडची शेअर जीप आठवून म्हटलं, “वडापनं.”