शेवटचं गाणं की शेवटची मेट्रो

आधी कामाचं सांगतो, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. नागपुरात लॉनवरचा किंवा मैदानावरचा कार्यक्रम रात्री दहाला संपतो. संपवावाच लागतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, त्यांत रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपती-नवरात्राच्या वाट्याला जातात, रॅपच्या नाही. आणि आपली मेट्रोही दहाच्या सुमारालाच आवरतं घेते. म्हणजे स्टेजवर शेवटचं गाणं सुरू होतं तेव्हा तिकडे खापरीहून, म्हणजे मेट्रोच्या दक्षिण टोकाहून, शेवटची गाडी निघायच्या तयारीत असते. दोन्हींतलं एकच मिळतं. कोणतं घ्यायचं ते घरूनच ठरवून निघा. आम्ही ठरवलं नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि वर्ध्याचा माझा मावसभाऊ. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुंबईचा रॅपर डिव्हाइन, त्याची ओळख त्याला माझ्याकडूनच झाली. २०१५ मध्ये नेझी या दुसऱ्या रॅपरसोबतचं ते गल्लीचं गाणं, 'मेरे गली में', आलं तेव्हा मी कॉलेजात होतो, हा चौथीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे आला की गच्चीवर एक इअरफोन माझ्या कानात, एक त्याच्या. मुंबई आम्ही दोघांनीही पाहिलेली नव्हती. अंधेरीचं जेबी नगर कुठे आलं हेही ठाऊक नव्हतं, पण तिथल्या गल्ल्या आम्हाला पाठ होत्या. पुढे २०१९ मध्ये या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला 'गली बॉय' हा हिंदी सिनेमा आला आणि सगळ्या वर्गाला रॅप आवडायला लागला. तेव्हा आम्हाला जरा रागच आला होता, आपला माणूस कोणीतरी उचलून नेल्यासारखा.

तर तो नागपुरात येणार म्हटल्यावर तिकिटं काढली. एक नऊशे नव्व्याण्णवचं, पण त्यावर सुविधा शुल्क, त्या शुल्कावर कर, असं करत बाराशेच्या पार गेलं. आईने आकडा ऐकला आणि म्हणाली, "बाराशे रुपये देऊन भांडण ऐकाले चालला का?" तिला रॅप म्हणजे दोन माणसं नळावर भांडतात तसं वाटतं. मी तिला सांगितलं की हिपहॉपचा, म्हणजे रॅप ज्यातला त्या संगीताचा, जन्म ज्या पार्टीत झाला असं मानतात, ११ ऑगस्ट १९७३ ची न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली, तिथेही तिकीट होतं. तिथे गाणी वाजवणाऱ्या डीजे कूल हर्कच्या बहिणीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून ती पार्टी ठेवली होती. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. आई म्हणाली, "मंग पोट्ट्यांनाच जास्त काऊन?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

डिसेंबरातला शनिवार होता. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. लॉज भरलेले, भाडी चढलेली, आणि सीताबर्डीच्या बाजूला मोर्च्यांमुळे कोणता रस्ता कधी बंद होईल त्याचा नेम नाही. नातेवाईक असेल तर त्याच्याकडेच उतरा. दुसरं म्हणजे थंडी. दुपारी शर्टावर फिराल, पण रात्री लॉनच्या गवतावर दव उतरलं की पाय गोठतात. आणि तिसरं: दुपारी सावजीचं तिखट खाऊन पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या धक्काबुक्कीत, जाऊ नका. भावाने खाल्लं. अधिक लिहीत नाही.

आम्ही इंदोरा चौकातून ऑरेंज लाइन धरली. गाडी बदलायची भानगड नाही, पाऊण-एक तासात थेट खापरीकडे. लॉन वर्धा रोडवर, विमानतळाच्या पुढे. नाव घेत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. जाताना मेट्रो सगळ्यात बरी. वर्धा रोडवरच्या त्या दुमजली पुलावर मेट्रो वर आणि गाड्यांचा उड्डाणपूल तिच्या खाली, त्या खाली पुन्हा रस्ता. ३.१४ किलोमीटरचा तो पूल, गिनीजमध्ये नोंदलेला. संध्याकाळी वरून पाहिलं तर खाली अडकलेल्या गाड्यांची लाल रांग दिसते आणि फार बरं वाटतं. परतीला हाच आनंद आपल्यावर उलटतो.

गेट पाचला उघडणार असं तिकिटावर होतं. उघडलं पावणेसातला. त्यात दोन रांगा: एक मोबाइलवरचा क्यूआर दाखवून मनगटाला पट्टा बांधून घ्यायची, दुसरी आत जायची. कुठली कशाची ते सांगायला कोणी नाही. आम्ही चाळीस मिनिटं चुकीच्या रांगेत उभे होतो, आणि आमच्यामागे दोनशे जण आमच्याकडे पाहून उभे होते. एवढी माणसं एका जागी आली की मोबाइलचं नेटवर्क मरतं, म्हणून क्यूआरचा स्क्रीनशॉट घरूनच काढून ठेवा. आमच्या पुढची मुलगी तिकीट उघडेना म्हणून रडकुंडीला आली होती. पॉवर बँक, परफ्यूम, पाण्याची बाटली, हेडफोनची डबीसुद्धा गेटवर काढून घेतात, आणि परत मिळतं असं म्हणतात. म्हणतात. रांगेत वेळ जावा म्हणून मी टी-शर्टांवरची नावं वाचत होतो. डिव्हाइनला शाळेत रॅपचा पहिला पत्ता लागला तो मित्राच्या अंगातल्या, फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरच्या टी-शर्टवरून. इथे एका पोराच्या टी-शर्टवर डिव्हाइनच होता, गोकुळपेठेतल्या छपाईचा, आणि नाक जरा बाजूला सरकलेलं.

आत गेल्यावर सगळे धावत स्टेजला जाऊन चिकटतात. तिकडे आवाज चांगला नसतो. पुढच्या रांगेत सबवूफर थेट पोटात मारतो आणि शब्द हरवतात, आणि रॅपमध्ये शब्दच गेले तर राहिलं काय? मैदानाच्या मधोमध एक तंबू असतो, तिथे साउंडवाला मिक्सर घेऊन बसतो. तो जे ऐकतो त्यावरूनच सगळं जुळवतो, म्हणून त्याच्या तंबूला पाठ लावून उभं राहिलं की सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. आणि कानात घालायचे फोमचे बोळे न्या. शंभर डेसिबलचा आवाज कानाला सुरक्षित धरतात तो फक्त पंधरा मिनिटं. पोरं हसतील. हसू द्या.

साडेसातला पहिला पोरगा आला.

हा इथलाच. उत्तर नागपूरचा असं निवेदकाने सांगितलं, नाव सांगताना माइक बंद पडला. अंगात साधं काळं स्वेटर, सोबत एक लॅपटॉपवाला मित्र, बस. लोक अर्धे पाण्याच्या स्टॉलवर, उरलेले "डिव्हाइन, डिव्हाइन" ओरडत होते. कोणी म्हणालं, "उतर बे." पोरगा थांबला, माइक दुसऱ्या हातात घेतला आणि वऱ्हाडीत सुरू झाला. नुसता आवाज, मागे बीटही नाही:

"कूलरच्या ताट्या सुकल्या, टँकर आला नाई अजून,
पाऊस तुमचा टीव्हीवर, आमी पाह्यतो कोरडे बसून."

माझ्या शेजारचा माणूस खाता खाता थांबला. आपल्याकडे मे महिन्यात कूलरच्या गवताच्या ताट्यांवर बादलीने पाणी मारायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराचं असतं; ते मी दहा वर्षं केलंय. ते कोणी स्टेजवरून म्हणेल असं कधी मनातही आलं नव्हतं. मग बीट पडली. तो "काऊन?" विचारायचा आणि लोकांनी "काऊन बे!" म्हणायचं. तिसऱ्या वेळी पाण्याच्या स्टॉलवरचे लोक पळत आले. भाऊ माझ्या कानात ओरडला, "दादा, हा तर आपल्यावानी बोलून राहिला!"

वऱ्हाडीतला रॅप नवा आहे असं नाही. अमरावतीचा रॅपर १००आरबीएच घ्या. अनेकजण ते नाव 'शंभर आरबीएच' असं वाचतात, पण शंभर म्हणजे सौ, त्याला आरबीएच जोडलं की 'सौरभ'. तो २०२३ मध्ये एमटीव्ही हसल या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात दिसला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. पण मोबाइलवर ऐकणं वेगळं आणि आपल्याच शहरात हजारो लोक आपल्या घरातल्या शब्दाला उत्तर देतायत ते ऐकणं वेगळं. त्या पोराला वीस मिनिटं दिली होती, त्यातली चार माइकने खाल्ली. त्याचं संपलं तेव्हा "उतर बे" म्हणणाराच "एक और" ओरडत होता. उशिरा येणारे हे सगळं चुकवतात. गेटची वेळ कितीही खोटी असो, तुम्ही वेळेवर जा.

मग तासभर काहीच नाही. डीजेने तीच चार गाणी फिरवली. पाण्याची बाटली पन्नासला होती, ती मागून साठला झाली.

डिव्हाइन नऊला आला. आणि इथे मला नीट लिहिता येत नाही, कारण मी तंबूपाशी उभा राहणार हे ठरवलेलं असताना पहिल्याच ठोक्याला पळत पिटमध्ये गेलो. वरचा सल्ला तुमच्यासाठी, मला तो पाळता आला नाही. पिट म्हणजे लोक मागे सरकून एक रिकामा गोल करतात आणि ठोका पडला की सगळे आत झेपावतात. लांबून मारामारी वाटते. आत गेल्यावर कळतं की पडलेल्याला उचलायला चार हात तयार असतात. माझा डाव्या पायातला बूट दुसऱ्या गाण्यात निघाला. मी एका पायावर उभा, खाली अंधार, चिखल नाही पण दवाने ओलं झालेलं गवत आणि त्यावर शेकडो पाय. भाऊ ओरडला, "बूट! बूट!" आजूबाजूच्या सात-आठ पोरांनी हाताला हात लावून कडं केलं, मोबाइलचे टॉर्च लावले. कोणी स्टेजकडे पाहत नव्हतं, ज्याच्यासाठी बाराशे रुपये दिले तो दहा मीटरवर होता आणि हे माझा बूट शोधत होते. मागून कोणीतरी तो हवेत धरला, चषक धरतात तसा. नाडी गायब. बाकी रात्र मी तो बूट पट्टा बांधायच्या कागदी चिकटपट्टीने आवळून काढली. नाडीची दुहेरी गाठ मारा, किंवा सरळ शाळेचे पीटीचे बूट घाला.

पावणेदहाला भावाने घड्याळाचं मनगट पुढे केलं. "दादा, मेट्रो?" मी म्हटलं, एक गाणं. ते झालं, पुन्हा एक. दहाला पाच कमी असताना ते २०१५ चं सुरू झालं, गच्चीवरचं, अर्ध्या इअरफोनचं. त्या गाण्याच्या वेळी भाऊ एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोघं फक्त ओरडत होतो. दहाला ठोक्यावर आवाज बंद, दिवे पूर्ण, आणि एकदम शांततेत हजारो माणसं खोकली.

मेट्रो गेली होती.

बाहेर वर्धा रोडवर ॲपवरची टॅक्सी इंदोऱ्यापर्यंत आठशे दाखवत होती आणि तीही मिळत नव्हती. ऑटोवाले मीटरचं नाव घेतलं की हसत होते. खरा उपाय एकच: जाताना मेट्रो, येताना कोणाची तरी दुचाकी किंवा गाडी आधीच ठरवून ठेवणं. नाहीतर शहराच्या दिशेने पंधरा मिनिटं चालत सुटा, गर्दीबाहेर पडलं की भाव खाली येतात. आम्ही तेच केलं, म्हणजे मी एका धड बुटावर.

थोडं पुढे कडेला एक ऑटो उभा होता. काका मफलर गुंडाळून बिडी ओढत बसलेले. मी विचारलं, "काका, इंदोरा?" ते म्हणाले, "जातो तिकडेच, पण पोट्टा येऊन राहिला माहा, थांबा लागन." पाच मिनिटांनी काळं स्वेटर आलं, लॅपटॉपवाल्याला घेऊन. तोच. भाऊ इतका गडबडला की त्याने त्याला "सर" म्हटलं.

काका त्याचे मोठे काका निघाले. पास एकच मिळाला होता, तो लॅपटॉपवाल्याने घेतला. काका पाच वाजेपासून भिंतीबाहेर ऑटोत बसून होते. राहाटे कॉलनीपर्यंत कोणी बोललं नाही. पोरगा लोखंडी दांड्याला डोकं टेकून डोळे मिटून होता. मग काकांनी आरशातून मला विचारलं, "कसं बोलला हा? आवाज येत होता मले, शब्द नाई समजले."

मी सांगायला लागलो, पण मला ओळी नीट आठवेनात. भाऊही अडखळला. व्हरायटी चौकात सिग्नल लागला. रस्ता रिकामा होता, तरी काका थांबले, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "म्हण बरं."

"काका, घसा बसला माहा."

"हळू म्हण."

त्याने डोळे न उघडता म्हटलं. कूलरच्या ताट्यांपासून. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मागे कोणी नव्हतं. काकांनी इंजिन सुरू करताना एवढंच विचारलं, "ते टँकरवालं आपल्या गल्लीतलं आहे ना बे?"

इंदोऱ्याला उतरताना मी दोनशे पुढे केले. काकांनी पन्नास परत दिले.