रुग्ण पडला, पण मोजला कसा?
आज दोन वॉर्डांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. महिन्यात एकात ३ रुग्ण पडले, दुसऱ्यात ५. दुसरा जास्त धोक्याचा वाटतो ना? रोज मध्यरात्री दाखल असलेले रुग्ण मोजून महिन्याची बेरीज केली की रुग्णदिवस मिळतात. पहिल्यात ७५०, दुसऱ्यात १५००. म्हणजे हजार रुग्णदिवसांमागे पहिल्यात ४, दुसऱ्यात ३.३!

शून्य आकडा दिसला की मला काळजीच वाटते. बोलणी खावी लागतील या भीतीने कधी कधी नर्स नोंदच करत नाहीत. म्हणून रुग्ण पडल्याच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये ‘चूक कोणाची’ हा रकाना नकोच. वेळ, जागा, रुग्ण कशासाठी उठला, पलंगाची उंची, चाकांचा ब्रेक लावला होता का आणि बेल हाताशी होती का, एवढं लिहा. बरेच जण शौचालयाला जातानाच पडतात. झोपण्यापूर्वी स्वतःहून विचारून त्यांना नेऊन आणा.