दहाने चुकणारी वजाबाकी

तिसरीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. बेरीज-वजाबाकीचा पेपर म्हणजे लाल पेन आपोआप चालतं, डोकं दुसरीकडेच असतं. एका मुलीच्या पेपरला मात्र अडले. बेरजा सगळ्या बरोबर, हातच्याच्या सुद्धा, ४७ आणि ३८ चे ८५ व्यवस्थित, एककाखाली एकक, दशकाखाली दशक अगदी रेषेत. बिनहातच्याची वजाबाकी पण एकही चुकलेली नाही. आणि हातचा आला रे आला की चूक, एकूण एक.

आता या वजाबाकीत नेहमीची चूक कुठली ते शिकवणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. ५२ वजा २७, दोनातून सात जात नाहीत, मग पोरं सरळ सातातून दोन काढतात आणि ३५ लिहून मोकळी होतात, कारण 'मोठ्यातून लहान जातं' हे सुरुवातीला सगळीकडेच घोकून घेतलेलं असतं. पण हिने ३५ नव्हतं लिहिलं. १५ लिहिलं होतं. बरोबर उत्तर २५.

खालचं बघितलं, ७३ वजा ४८ ला २५ च्या जागी १५. ९१ वजा ५६ ला ३५ च्या जागी २५. म्हटलं हे काय, दर वेळी नेमके दहाच कसे काय कमी पडतात? मग तीन अंकी बघितली. ४३५ वजा १७८, पाहिजे २५७, हिचं १४७, म्हणजे ११० ने कमी. ८२५ वजा ४३, पाहिजे ७८२, हिचं ६८२, इथे बरोबर शंभर कमी, आणि या गणितात एककाला हातचा लागतच नाही, फक्त दशकाला लागतो. म्हणजे ज्या घरातून हातचा घ्यायचा त्या घरात दर वेळी एक जास्तीचा कमी होत होता. अंदाजपंचे उत्तरं लिहिणाऱ्या पोराकडून इतकी शिस्तीत चूक होतच नाही.

हे तसं नवीन नाही म्हणा. १९७८ साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीच्या चुकांवर काम केलं होतं, 'बग्गी' नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅमच बनवला होता, तो एखादी ठराविक चूक मुद्दाम करत राहायचा आणि शिक्षकांनी ती ओळखायची. त्यांचं म्हणणं हेच की बऱ्याचदा मूल नियम पाळतच असतं, फक्त तो नियम बिघडलेला असतो. माझ्यासमोर बिघडलेला नियम होता, तो आला कुठून ते कळत नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं, म्हटलं पेपर विसर, हे ५२ वजा २७ मोठ्याने बोलत कर.

"दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक घेतला, पाचाचे चार झाले." पाचावर काट मारून वर छोटासा ४ लिहिला. "बारातून सात गेले पाच. हातचा एक." आणि पेन्सिलचं टोक खालच्या दोनावर टेकवलं. "दोन आणि एक तीन. चारातून तीन गेले, एक."

"अगं, हा खाली हातचा कुठून आला?"

"आजोबांनी सांगितलं हातचा खाली द्यायचा. आणि तुम्ही सांगितलं वरून घ्यायचा."

"मग?"

"मग मी दोन्ही करते."

मला हसू आवरेना. पोरीने कुणाचंच मन मोडलं नव्हतं.

गंमत म्हणजे दोघांचीही रीत बरोबर. वर्गात आपण दशक सुटा करतो, ५२ म्हणजे ४ दशक आणि १२ एकक. आजोबांची रीत जुनी, त्यात वरच्या एककाला दहा द्यायचे आणि खालच्या दशकाला पण एक दशक द्यायचं. दोन्हीकडे दहा वाढले की फरक तोच राहतो, ताई-दादाच्या वयातलं अंतर दहा वर्षांनीही तेवढंच राहतं तसं. पण एका गणितात दोन्ही रीती घुसल्या की दहा दोनदा जातात.

मी तिला चूक-बरोबर काही सांगितलं नाही, ताळा करायला लावला. १५ आणि २७, झाले ४२. वर तर ५२ आहेत. बराच वेळ बघत बसली, मग हळूच विचारते, "मॅडम, आजोबांचं चुकलं की तुमचं?"

स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सहकारी लगेच म्हणाल्या, घरी निरोप पाठव, आजोबांना म्हणावं शिकवू नका. मला अजिबात पटलं नाही. आजोबा रोज शेजारी बसून गणितं करून घेतात, हे किती पोरांच्या नशिबी असतं? मी कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि ५०० वजा २६८ दोन्हीकडे दिलं, डावीकडे माझ्या रीतीने, उजवीकडे आजोबांच्या. डावीकडे दोन शून्यं ओलांडून पार शतकापर्यंत जा, ५ चे ४, मधल्या शून्याचे ९, शेवटी १०, सगळी काटाकाट. उजवीकडे दहातून आठ गेले दोन, हातचा एक, सहा आणि एक सात, दहातून सात गेले तीन, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. दोन्हीकडे २३२. "आजोबांचं सोप्पंय," म्हणाली. शून्यं असली की सोपं आहेच ते, मीही मान्य केलं. ठरलं एवढंच की एका गणितात एकच रीत. पेपरात 'वजाबाकी करा' एवढंच विचारतात, कुठल्या रीतीने ते नाही, त्यामुळे वर छोटा आकडा नसला म्हणून मार्क कापायचा प्रश्नच येत नाही. सहकारी बाईंना हे अजून मान्य नाही, ते असो.

नंतर तिला सरावाचा कागद दिला. हातच्याच्या सगळ्या वजाबाक्या बरोबर, बाजूला ताळेसुद्धा. शेवटी एक शाब्दिक उदाहरण होतं, एका डब्यात ४२ मणी आहेत, ते दुसऱ्या डब्यापेक्षा १५ ने जास्त आहेत, तर दुसऱ्या डब्यात किती? तिने 'जास्त' वाचलं आणि बेरीज करून ५७ लिहिले, खाली दोन रेघा मारून. ही भानगड निराळी, यात आजोबांचा काही हात नाही.