माझा अनुभव : निदानाच्या ओळीपाशी अडणारं पेन

बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) पास झाले तेव्हा दात काढणं, कीड साफ करून दात भरणं यात हात बऱ्यापैकी बसला होता. पण गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला की केस पेपरवर 'प्रोव्हिजनल डायग्नोसिस' म्हणजे प्राथमिक निदानाच्या ओळीपाशी पेन अडायचं. बॅचमधल्या बहुतेकांचं हेच होतं. गालाच्या आत पांढऱ्या रेषा उमटवणाऱ्या लायकेन प्लॅनस या आजाराची लक्षणं तोंडपाठ होती, पण पुस्तकातल्या फोटोत चट्टा बरोबर मध्यभागी असतो. पेशंटच्या तोंडात तो आधी शोधावा लागतो.

इंटर्नशिपमध्ये नागपूरला ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांचं निदान आणि एक्स-रे पाहणाऱ्या विभागाच्या ओपीडीत पोस्टिंग लागली. तिथल्या मॅडमचा दंडकच होता : तक्रार दाढेची असली तरी तपासणीचा क्रम मोडायचा नाही. आधी मानेच्या गाठी, मग ओठ, दोन्ही गाल, गाल आणि हिरडीमधली खाच, टाळू, जीभ, जिभेखालची जागा. दात सगळ्यात शेवटी. जिभेचं टोक गॉजमध्ये (जाळीदार पट्टीच्या कापडात) धरून जीभ बाजूला ओढल्याशिवाय तिची मागची कड नीट दिसत नाही, आणि जिभेचा कॅन्सर बहुतेकदा कडेवरच होतो. तंबाखू दाबून ठेवतात ती खाचही अशीच नजरेतून सुटते.

एक दादा दाढ दुखते म्हणून आले. खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची सवय. "तिखट खाल्लं का आग होते जी, बाकी काही नाही." तोंडात दोन बोटंही धड जाईनात. गाल पांढरट पडलेले. मॅडम म्हणाल्या, "नुसतं बघू नकोस, बोट फिरव." तर्जनी गालाच्या आतून फिरवली आणि ताणलेल्या सुतळीसारखे उभे पट्टे बोटाला लागले. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं तर २२ मिलिमीटर. एरवी ते ४०च्या आसपास असतं. 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' (तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडणं कमी होण्याचा आजार) असं मी कुणाला न विचारता लिहिलं. दादांनी विचारलं, "तंबाखू सोडतो, नुसती सुपारी चालंन का?" इथे डॉक्टरने जराही ढिलं पडू नये. हा आजार मुख्यतः सुपारीनेच होतो.

दुसरी सवय मॅडमनीच लावली : बायोप्सीचा (चट्ट्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट येण्याआधी आपलं निदान आणि त्यामागचं कारण वहीत लिहायचं, मग ताडून पाहायचं. चट्टा गॉजने पुसून निघाला तर बुरशीचा विचार. दोन्ही गालांवर पांढऱ्या रेषांची जाळी असेल तर लायकेन प्लॅनस. दाढेचा टोकदार भाग लागून जखम झाली असेल तर तो घासून गुळगुळीत करायचा, दोन आठवड्यांनी बोलवायचं. तरी भरली नाही तर बायोप्सी. मला खरा धीर या नियमाने दिला. पहिल्याच भेटीत सगळं ओळखता आलं नाही तरी कुठल्या पेशंटला नुसतं मलम देऊन घरी पाठवायचं नाही, हे पक्कं कळलं. म्हणून इंटर्नना या विभागात नुसतं एक्स-रे काढायला बसवतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. दात साफ करायला आलेल्यांचंही तोंड त्याच क्रमाने तपासते. पुढे पाठवायचं असेल तर चिठ्ठीवर जागा, आकार, किती दिवसांपासून आहे, सवय कोणती आणि माझं निदान लिहिते. कॅन्सरची शंका असेल तर पेशंटला विचारून घरच्यांचा नंबर घेते आणि आठवड्याभरात फोन करून दवाखान्यात गेले की नाही, याची खात्री करते.