गड्ड्यानंतरचा रविवार

आमच्या मंडळाचा खरा थाट गणपतीत. पावतीपुस्तकं, रात्री उशिरापर्यंत लेझमीचा सराव, मिरवणुकीत पुढच्या ओळीत कोण यावरून रुसवेफुगवे. पण त्या दहा दिवसांत माणसं एकमेकांना भेटायचीच नाहीत. जो तो कामाला जुंपलेला. मंडळ निवांत जमायचं ते जानेवारीत, हुरड्याला.

तारीख कमिटी ठरवायची नाही, ज्वारी ठरवायची. कणीस चिकात असेल तर दाणा पाणचट लागतो आणि आठवडाभर उशीर झाला की निबर होतो. त्यामुळं मोहोळकडं शेत असलेल्या काकांना गड्ड्यातच, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतच, गाठायचं. किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम चाललेलं, सगळ्यांच्या माना वर, आणि आमचे अध्यक्ष काकांच्या कानाशी, "कणसं भरली का ओ?" यात्रेचे मुख्य दिवस उरकल्यावरचा रविवार बहुतेक पक्का व्हायचा.

एरवी चादरींचे गठ्ठे वाहणारा टेम्पो त्या दिवशी आम्हाला न्यायचा. डब्यांत शेंगाचटणी, कडक भाकरी, दही, गूळ. शेजारच्या पद्मशाली काकू संक्रांतीचे सकिनालू आणायच्या. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून बोटांनी वळलेली ती कडी शेतावर पोचेपर्यंत निम्मी संपायची. त्यांच्या घरी तेलुगू, समोरच्या घरी कन्नड. पुढं ड्रायव्हरशेजारी कुणी बसायचं हे भांडण मात्र सगळ्यांचं मराठीतच.

शेतात खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटलेली असायची. निखाऱ्यात कणसं खुपसायची, फिरवायची, आणि गरम आहेत तोवर तळहातांवर चोळायची. इथं गिरणीत उभी हयात घालवलेले एक आजोबा लागायचे. त्यांना चटका म्हणून बसायचा नाही. चोळून, फुंकर मारून कूस उडवली की तळहातावर हिरवे, वाफाळते दाणे उरायचे, आणि तो हात ते समोर येईल त्याच्यापुढं धरायचे. हुरडा असा दुसऱ्याच्या हातचाच खायचा. निवला की गोडी जाते, म्हणून घरी बांधून नेण्यातही मजा नाही. ज्याला खायचाय त्यानं आगटीपाशी आलंच पाहिजे.

घरी स्वतःचा चहाचा कपही न उचलणारे आमचे वडील तिथं मांडी घालून आईला हुरडा चोळून द्यायचे. बायका सोडतात होय! "खाऊन घ्या ओ वहिनी, वर्षाचा कोटा आजच." आई लाजायची, पण पदरात घ्यायची. या सगळ्याचे फोटो जवळपास नाहीतच. काळ्या हातांनी कॅमेरा कोण धरणार?

आता तिकीट काढून हुरडा मिळतो. झोके, बैलगाडी, वर जेवण. वाईट नसतो, पण ताटातून येईस्तोवर निवतो आणि चोळणाऱ्याचं तोंडही दिसत नाही. आमचं मंडळ अजून शेतातच जातं. मागच्या खेपेला पुण्याहून आलेला भाचा ऐटीत चोळायला बसला आणि पहिल्याच कणसाला किंचाळला. "टाकू नको बे, फुंकर मार!" चारी बाजूंनी गलका झाला. त्यानं नेमकं टाकलं, तेही अध्यक्षांच्या दह्यात.