तुम्ही विचारलंत म्हणून: “पास्टर, काम किती वाढलं?”

ठाणे स्टेशनच्या पुलावर भेटा, लग्नाच्या पंगतीत भेटा, मयतीला भेटा, प्रश्न एकच: “पास्टर, काम किती वाढलं?” नगरकडच्या आमच्या नातेवाइकांना आकडा हवा असतो. यंदा बाप्तिस्मे किती, नव्या मंडळ्या, म्हणजे चर्च, किती. सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी विचारलं, तर प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. किती जणांना ओढलंत, असं त्यांना म्हणायचं असतं; पण माणसं सभ्य, तोंडावर म्हणत नाहीत. दोघांनाही मी आजवर “प्रभूची कृपा, चाललंय” एवढ्यावर वाटेला लावलं. तुम्ही नीट बसून विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

आम्ही सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतो, म्हणजे कामधंदा बंद ठेवून उपासना करतो, आणि येशू परत येणार यावर आमचा भरवसा आहे. ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या मंडळ्यांची देखरेख सध्या माझ्याकडे आहे.

शेजाऱ्यांचं आधी उरकतो. आम्ही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाही. ज्याला कळतं, जो स्वतः मागतो, त्यालाच, तोही बायबलचा अभ्यास पुरा झाल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून. त्या अभ्यासात दारू, तंबाखू जाते, डुक्कर जातं, आणि त्यातल्या लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाशी आलो की कोळंबी आणि चिंबोरीही जाते. आगरी-कोळ्यांच्या या मुलखात कोळंबी सोडा म्हणून सांगणारे लोक माणसं ओढून नेत असतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दिवाळे गावच्या मासळी बाजारात चक्कर मारून यावं. बरेच जण त्याच धड्याला थांबतात. जे पुढे येतात त्यांना शनिवार आडवा येतो. बाकी ठाण्याला ख्रिस्ती माणूस नवा नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू इथेच मारले गेले, आणि साष्टीतले ईस्ट इंडियन कॅथलिक तर पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीच बोलत आले. त्यांच्यापुढे आम्ही कालचे.

आता आकडा. आकड्यांची आमच्याकडे वाण नाही. दर तिमाहीला अहवाल जातो. १८६३ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला संस्था रीतसर स्थापन झाली तेव्हा साधारण साडेतीन हजार सभासद होते, आज जगभरात २ कोटी ३० लाखांच्या वर आहेत. भारतात १८९३ साली मद्रासला उतरले ते दोघे पुस्तकं विकणारे, पाळक म्हणजे पास्टर नव्हेत. १८९५ साली जॉर्जिया बरस नावाची तरुण बाई एकटी कलकत्त्याला आली, बंगाली शिकली आणि घरात कोंडलेल्या बायकांना शिकवू लागली. पुढे पुण्यात छापखाना आला. १९४२ साली स्पायसर कॉलेज बंगळुरूहून पुण्याला आलं, आणि आमच्याकडचे बरेच पाळक तिथूनच शिकून निघतात. हे सगळं व्यासपीठावरून सांगितलं की सभा खूश होते.

पण आमच्याच जागतिक कार्यालयातल्या आकडेवारी विभागाने आणखी एक हिशेब मांडला आहे. १९६५ पासून जे सभासद झाले, त्यांतले दर दहांपैकी चार सोडून गेले. हा आकडा व्यासपीठावरून सहसा कुणी वाचत नाही. मी वाचतो. सुरुवातीला वडीलधारे नाराज झाले, की लोकांचं मन खचेल. मला उलट वाटतं. ज्यांचा जन्मच चुकलेल्या हिशेबातून झाला, त्यांनी आकड्याला घाबरू नये आणि भुलूही नये. २२ ऑक्टोबर १८४४ ला येशू येणार असं गणित मांडून विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाचे अनुयायी रात्रभर वाट पाहत बसले, आणि सकाळ नेहमीसारखी उजाडली. बरेच निघून गेले. जे थोडे बायबल उघडून पुन्हा बसले, त्यांच्यातून आम्ही आलो.

आमची नोंदवही तुम्ही पाहिलीत तर हसाल. तिच्यात दुबईला गेलेले आहेत, मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले आहेत, लग्न होऊन रविवारी उपासना करणाऱ्या मंडळीत गेलेल्या मुली आहेत. ठाण्याचं भाडं परवडेना म्हणून बदलापूरला गेलेली कुटुंबं तर कितीतरी. नियमाप्रमाणे सभासदत्वाचं पत्र नव्या मंडळीकडे जायला हवं. माणूस टेम्पो करून सामान नेतो, पत्र मागायचं राहून जातं. वहीत मंडळी भरलेली, बाकं रिकामी.

म्हणून मी वाढ मोजतो ती पाळक नसलेल्या शनिवारी. आमच्यात एका पाळकाकडे अनेक मंडळ्या असतात, म्हणजे कुठल्याही मंडळीत बहुतेक शनिवारी तो नसतोच. उपासना चालवायची ती मंडळीने निवडलेल्या वडिलांनी, म्हणजे एल्डरांनी: दिवसभर बँकेत, कारखान्यात, शाळेत राबणारी माणसं. मी फोन केला की उपदेश कसा झाला हे विचारत नाही. कुलूप कुणी उघडलं? शब्बाथशाळेचा, म्हणजे शनिवारच्या बायबलवर्गाचा, धडा कुणी घेतला? नेहमी येणारं कोण आलं नाही, आणि दुपारी त्याच्या घरी कोण गेलं? या शेवटच्या प्रश्नाला पटकन नाव आलं तर ती मंडळी जिवंत आहे. “पास्टर, तुम्ही एकदा जाऊन या ना त्यांच्याकडे” असं उत्तर आलं, की मला काळजी लागते, मग त्या वर्षी तिथे कितीही बाप्तिस्मे झालेले असोत.

नवी मुंबईतली एक मंडळी आहे, बाप्तिस्म्याच्या रकान्यात तिच्यापुढे बराच काळ शून्य होतं. त्याच काळात तिथल्या बहिणींनी डायलिसिसवर असलेल्या एका गृहस्थांसाठी पाळी लावून डबे दिले, सोबत केली. ते सभासदही नव्हते, झालेही नाहीत. माझ्या लेखी त्या भागातली सगळ्यात वाढलेली मंडळी तीच. याउलट मोठा मंडप, बाहेरून आलेला वक्ता, शेवटच्या दिवशी बाप्तिस्म्यांची रांग, आणि पावसाळा सुरू होईपर्यंत त्यांतलं कुणीच दिसत नाही, हेही पाहिलंय. मंडपाला माझा विरोध नाही. मंडप काढल्यावर कोण कुणाच्या घरी जाणार, हे आधी ठरलं नसेल तर खर्चाला मी सही करत नाही, एवढंच. यावरून माझ्यावर रागावणारे आहेत.

शनिवारचं म्हणाल, तर आमचं एक सुख इतर ख्रिस्ती लोकांना नाही: लोकलचा मेगाब्लॉक रविवारी असतो! गमतीचा भाग सोडला तर शनिवार महाग पडतो. राज्य सरकारने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा मंत्रालयात जाणारे आमचे लोक सुटले. बँकेतल्यांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळतो, म्हणजे अर्धेच सुटले. कारखान्यातल्या आणि मॉलमधल्या पोरांना काहीच नाही. आयटीवाल्यांना शनिवार मोकळा, पण नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि शुक्रवारी सहाला ऐरोलीच्या आयटी पार्कमधून उठून निघणं सोपं नसतं. जुलैत सव्वासात वाजून जातात, तेव्हा जमतं. आणि दहावीचा पेपर शनिवारी आला की त्या घरात महिनाभर कुणी धड जेवत नाही. अशा वेळी आईबाप मला विचारतात, काय करायचं? मी त्यांच्यासोबत बसतो, प्रार्थना करतो. पेपर बुडव असं सोळा वर्षांच्या मुलाला मी सांगत नाही. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. असो.

जागेचं दुखणं वेगळंच. रविवारच्या मंडळ्यांना शाळेचे हॉल मिळतात. शनिवारी शाळा सकाळची भरलेली असते. म्हणून कितीतरी ठिकाणी आम्ही रविवारवाल्यांच्याच चर्चमध्ये भाड्याने बसतो. त्यांचे ड्रम बाजूला सरकवायचे, आपली पेटी काढायची, जाताना सगळं होतं तसं लावायचं. आणि भाडं कशातून? लोक दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देतात, पण तो स्थानिक पाळकाच्या खिशात जात नाही, मंडळीच्या भाड्यालाही जात नाही. तो वरच्या कार्यालयात जातो आणि तिथून पाळकांचे पगार होतात. ही पद्धत मला मनापासून पटते. तिच्यामुळे गरीब वस्तीतला आणि सोसायट्यांमधला पाळक एकाच श्रेणीवर राहतो, आणि “माझी मंडळी” म्हणत कुणी दुकान थाटत नाही. बदलीचा कागद आला की निघायचं. पण भाड्यासाठी वेगळं दान लागतं. दहा-बारा कुटुंबांची मंडळी दशांश इमानदारीने पाठवते आणि भाड्याला दर महिन्याला अडते, हे मी प्रत्येक बैठकीत मांडतो. ऐकून घेतात.

पुढे काय, तर माणसं जिकडे निघालीत तिकडे जायचं. उलवे, तळोजा, बदलापूर. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ पासून चालू आहे, उरणची लोकल २०२४ मध्ये सुरू झाली, आता विमानतळही उघडला. तिथे नोकरीला लागणारी पोरं शिफ्टमध्ये काम करणार, त्यांना सकाळी साडेनऊची शब्बाथशाळा कशी जमेल? शनिवारी दुपारी चारला, कुणाच्या तरी हॉलमध्ये चटईवर बसून उपासना का नको, असं मी म्हणतो. दुसरं, भाषा. आजीला मराठी बायबल तोंडपाठ, नातवाला देवनागरी वाचताना घाम फुटतो. धडा त्याने इंग्रजीत वाचावा, हरकत नाही. पण गाणी सगळ्यांनी मराठीतच म्हणायची, ढोलकीवर. यात मी मागे हटणार नाही.

उलव्यात सध्या चार कुटुंबं आलटून पालटून एकमेकांच्या घरी जमतात. वाहनांच्या आणि चपलांच्या तक्रारी सुरू झाल्यात, त्यामुळे दिवाळीच्या आत एखादा गाळा बघायचा आहे. स्टेशनपासून चालत जाता येईल असा, तळमजल्यावर, कारण एक आजी व्हीलचेअरवर असतात. भाडं फार झेपणार नाही. शेजारी बिर्याणीचं दुकान असलं तरी चालेल. तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा.