शंका आली की उठव

रात्रीचा एक वाजून दहा मिनिटांनी तो आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. नावेच्या मागच्या लॉकरमधून येत होता. लाटेवर नाव चढली की ऑटोपायलट सुकाणू वळवायचा, की टक्. नाव उतरली की पुन्हा टक्. सैल बिजागरीचं दार वाऱ्यावर वाजतं तसा. खाली बंकवर नवरा झोपला होता. त्याला झोपून जेमतेम दोन तास झाले होते. शीड बाहेर ताणून धरणाऱ्या पोलच्या टोकाशी घासून झिजलेला दोर बदलण्यात त्याची सगळी दुपार डोलकाठीपाशी, हलत्या डेकवर गुडघ्यांवर बसून गेली होती, आणि आदल्या रात्रीही त्याला धड झोप मिळाली नव्हती. माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, दोनला संपणार होती. मी ठरवलं, पन्नास मिनिटांचा तर प्रश्न आहे. झोपू दे.

आम्ही दोघं शिडाच्या नावा पोचवण्याचं काम करतो. मालकाची नाव एका बंदरात असते, त्याला ती दुसऱ्या बंदरात हवी असते, आणि मधलं पाणी पार करायला त्याच्याकडे वेळ तरी नसतो किंवा अनुभव तरी. ते मधलं पाणी आमच्या वाट्याला येतं. नवरा पूर्वी मालवाहू जहाजांवर सेकंड ऑफिसर होता. मी गोव्यात छोट्या शिडाच्या होडीवर शिकले आणि मग एकेक परीक्षा देत इथवर आले. या खेपेला नाव होती तेरा मीटर लांबीची. जानेवारी महिना, आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून केप व्हर्डमधल्या मिंडेलोला, नैर्ऋत्येकडे ८५० सागरी मैल, म्हणजे साधारण १,५७५ किलोमीटर. आम्ही सहा दिवस धरले होते.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात आपण व्यापारी वारे शिकतो. नकाशावर तिरके बाण काढायचे, दोन मार्क मिळवायचे आणि विसरून जायचं. ते बाण इथे प्रत्यक्ष पाठीवर लागतात. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा दिवसरात्र वाहतो, आणि १४९२ मध्ये कोलंबस याच बेटांवरून पश्चिमेला निघाला तो याच वाऱ्याच्या भरवशावर. आमचं मोठं शीड उजवीकडे उघडलेलं आणि पुढचं शीड पोल लावून डावीकडे, अशी पंख पसरल्यासारखी नाव चालली होती. वारा २० ते २५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), लाटा तीन मीटरच्या, सगळ्या मागून येणाऱ्या. सहाराची धूळ हवेत इतकी होती की सूर्य दुपारीच पितळी दिसायचा आणि पांढऱ्या दोरांवर गेरूचा हात फिरल्यासारखा रंग चढला होता. सकाळी डेकवर दोन-चार उडते मासे मरून पडलेले असायचे. प्रेशर कुकरमध्ये खिचडी, वर मेतकूट आणि तूप. झाकण घट्ट बसणारं असल्यामुळे नावेवर कुकरसारखं भांडं नाही. पहिले दोन दिवस मला बोट लागली होती आणि खिचडीशिवाय काही पोटात राहत नव्हतं.

दोघंच असलं की चोवीस तास वाटून घ्यावे लागतात. रात्री आठ ते अकरा तो, अकरा ते दोन मी, दोन ते पाच तो, पाच ते आठ मी. लोकांना वाटतं नवरा-बायको समुद्रावर, म्हणजे दिवसभर एकत्र. प्रत्यक्षात आमची भेट व्हायची ती वॉच बदलताना. दहा मिनिटं. एकाचे डोळे मिटत असतात, दुसऱ्याचे उघडत नसतात. वारा किती, जहाजं किती दिसली, चहा थर्मासमध्ये आहे, आणि मग एक जण खाली.

वर बसलेल्याला पाहत राहावं लागतं. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंच, त्यामुळे त्याचं क्षितिज तीनच मैलांवर असतं. मोठ्या जहाजाचे दिवे उंच असतात म्हणून ते त्याआधी दिसतं. पण २० नॉटने समोरून येणारं जहाज आणि आमचे ६ नॉट धरले, तर दहा मैलांवर दिसलेला दिवा तेवीस मिनिटांत अंगावर येतो. जहाजं रेडिओवरून आपली जागा कळवतात त्या एआयएस यंत्रणेच्या पडद्यावर जहाजं दिसतात, पण मासेमारीच्या सगळ्याच होड्या त्यावर दिसतील असं नाही, आणि धुळीत नजर पोचतही नाही. म्हणून आम्ही स्वयंपाकाचा टायमर दहा मिनिटांवर लावतो. वाजला की उभं राहायचं, चहूकडे पाहायचं, पुन्हा लावायचा. रात्रभर.

आणि शेगडीच्या वर चिकटवलेली एक चिठ्ठी असते, प्रत्येक नावेवर, नवऱ्याच्याच अक्षरात: शंका आली की उठव. जहाजावर त्याला हेच शिकवलं होतं. कॅप्टनला विनाकारण उठवलं म्हणून कोणी रागावत नाही. उठवलं नाही तर मात्र जाब द्यावा लागतो. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ ही शिडाची नाव घेऊन मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून मला नेहमी वाटत आलंय की एकट्या माणसाला अशा वेळी उठवायला कोणी नसतं. आम्ही दोघं होतो. माझ्यापासून तीन मीटरवर सेकंड ऑफिसर झोपला होता.

एक पस्तीसला टक् टक् थांबलं. मग फळी मोडावी तसा आवाज आला, आणि लगेच ऑटोपायलटचा भोंगा.

मी चाक धरलं. ते हललं नाही. दोन्ही हातांनी, पाय टेकून ओढलं, तरी नाही. सुकाणू डावीकडे वळलेलं तसंच अडकलं होतं आणि नाव वाऱ्याकडे तोंड फिरवायला लागली होती. मागून येणाऱ्या लाटा आता बाजूने आल्या. पहिली लाट सरळ कॉकपिटमध्ये आली, गुडघाभर पाणी, गरम वाटावं इतकं अनपेक्षित. खालून भांडी पडल्याचा आवाज, आणि त्यातच त्याचा, “काय झालं?”

“चाक अडकलंय!”

तो हार्नेस, म्हणजे नावेला बांधून ठेवणारा पट्टा, अडकवतच वर आला. बॅटरी मागच्या लॉकरवर मारली आणि आतलं सामान बाहेर भिरकावायला सुरुवात केली. मालकाची घडीची सायकल, फेंडर, दोरांची भेंडोळी. दरम्यान मी पुढचं शीड गुंडाळत होते. पोलवर डावीकडे अडकवलेलं ते शीड नाव वळल्यामुळे उलटं फुगलं होतं. रुमालाएवढं उरलं तेव्हा थांबले. मग बूम, म्हणजे मोठ्या शिडाचा खालचा आडवा दांडा, पुढे बांधून ठेवणारा दोर सोडला आणि मोठं शीड हळूहळू आत ओढलं. आणि तेव्हा एक गोष्ट झाली जी मी पुस्तकात शिकले होते, मुद्दाम करूनही पाहिली होती, पण अशी आपोआप झालेली कधी पाहिली नव्हती. उलटं फुगलेलं छोटं शीड नावेचं नाक एकीकडे ढकलत होतं, अडकलेलं सुकाणू दुसरीकडे. दोघांचं भांडण बरोबरीत सुटलं. नाव जागीच डुलत उभी राहिली, दीड-दोन नॉटने नुसती वाहत. वादळात नाव थांबवायला हेच करतात, हीव्ह-टू म्हणतात त्याला. वारा तेवढाच होता, पण कानातली गर्जना अर्ध्यावर आली.

लॉकरमध्ये तो पोटावर पडून आत शिरला. ऑटोपायलटचा दांडा एका टोकाने सुकाणूच्या आऱ्याला, म्हणजे ते फिरवणाऱ्या आडव्या भागाला, जोडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाने नावेच्या अंगाला बोल्ट केलेला. ते दुसरं टोक प्लायवुडसकट उपटून आलं होतं आणि दांडा आऱ्यात पाचरीसारखा घुसला होता. काढायचा तर पिन काढायला हवी, आणि पिन होती बरोबर त्या जागी, जिथे सुकाणू हललं तर बोटं चेचली गेली असती. लाट येत होती तसा सुकाणूवर दाब येत होता. दांडा सुटायच्या क्षणी ते कुठे जाईल याचा नेम नव्हता.

मी चाकाचा ब्रेक आवळला आणि वर छातीने चाकावर रेलले.

“हात आत,” तो म्हणायचा.

“धरलंय,” मी म्हणायचे.

“हात बाहेर.”

मग मी लाट बघायचे. मोठी येत असली तर “थांब”. गेली की “आता”. पुन्हा, “हात आत.” “धरलंय.” एवढेच शब्द. वीस मिनिटं चाललं हे. बॅटरीच्या उजेडात मला फक्त त्याचे पाय दिसत होते, अनवाणी, टाचा घट्ट रोवलेले. मला त्या वेळी भीती वाटली का, असं नंतर कोणी कोणी विचारलं. वाटली. नावेची नाही, ती तरंगत होती. त्याच्या बोटांची वाटली.

“हात बाहेर. निघाली.”

ब्रेक सैल केला आणि चाक माझ्या हातात जिवंत झालं.

तिथून मिंडेलो ३५० मैल होतं. आफ्रिकेचा किनारा डावीकडे दोनशे मैलांवर, पण त्या बाजूला वाऱ्याविरुद्ध जाण्यात अर्थ नव्हता. प्लायवुड कुजलेलं होतं, त्यात बोल्ट पुन्हा पकडणार नव्हते. पुढचे सगळे मैल हाताने. मागून लाटा असताना चाक एक मिनिटही सोडता येत नाही, आणि माणूस दोन तासांपलीकडे नीट धरू शकत नाही. म्हणून दोन तास तो, दोन तास मी, रात्रंदिवस. थकव्यामुळे शीड कमीच ठेवलं, पाच नॉट. सत्तर तास लागले.

त्या तीन दिवसांचं सलग काही आठवत नाही. हातांची सालं निघाली हे आठवतं. गार खिचडी चमच्याने दुसऱ्याच्या तोंडात भरवलेली आठवते, कारण त्याचे दोन्ही हात चाकावर. रात्री होकायंत्राच्या दिव्याकडे टक लावून पाहिलं की डोळे फिरतात, म्हणून समोरचा एखादा तारा धरायचा. पहाटे तीनच्या सुमारास अगस्त्य नेमका आमच्या वाटेवर, नाकाच्या जरा डावीकडे मावळत असायचा. धुळीमुळे तो तांबूस, मंद दिसे. समुद्र पिऊन टाकणारा ऋषी. लहानपणी ती गोष्ट ऐकताना मला एवढा समुद्र पोटात कसा मावला हाच प्रश्न पडायचा. त्या पहाटे मी फक्त एवढंच बघत होते की तो डोलकाठीच्या तारेला चिकटून राहावा.

मिंडेलोच्या बाहेर शेवटची खिंड असते. सांतो आंताव आणि साव व्हिसेंते या दोन डोंगराळ बेटांमध्ये वारा चेपला जातो आणि जोर धरतो. आम्ही उजेड व्हायची वाट पाहिली. मग बंदराच्या तोंडावरच्या खडकाळ बेटाचं दीपगृह, मागे मोंती काराचा डोंगर, आडव्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा. नांगर टाकला, इंजिन बंद केलं, आणि कोणाला वॉचवर जायचं नव्हतं.

दुपारी मी किनाऱ्यावर गेले. मला पोर्तुगीज येत नाही. बेकरीत बोट दाखवून नुसतं “पाव” म्हटलं, आणि बाईंनी काही न विचारता कागदात बांधून दिले. आपला शब्द त्यांच्याकडूनच आलेला. गरम पाव आणि लोणी घेऊन नावेवर आले तेव्हा नवरा नोंदवही उघडून बसला होता. मालकाला कळवायचं होतं, तर काय काय घडलं ते वेळेनुसार लिहायला हवं.

मी सांगितलं. एक दहाला आवाज ऐकला. तपासला नाही. उठवलं नाही, कारण तू दमला होतास.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला दहालाच ऐकू आला होता.”

“तुझ्या वॉचमध्ये?”

“हो. वाटलं, लॉकरमधलं सामान हलतंय. तुला सांगितलं असतं तर तू तीन तास त्यालाच कान लावून बसली असतीस. आधीच आजारातून उठलेली.”

नोंदवहीत त्याच्या वॉचसमोर लिहिलं होतं: वारा २२, जहाज एक, ठीक.

मला राग आला. आधी त्याचा, मग स्वतःचा. मागच्या एका फेरीत आमच्याबरोबर एक अनोळखी तिसरा गडी होता. त्याला मी एका रात्रीत तीनदा उठवलं होतं, एकदा तर नुसत्या ढगाकडे पाहून. तेव्हा हात कचरला नव्हता. इथे आम्ही दोघांनी एकमेकांची झोप जपली, आणि त्यापायी त्याची बोटं जाता जाता वाचली. दहाला कोणी लॉकर उघडलं असतं तर सैल झालेले बोल्ट दिसले असते, ऑटोपायलट बंद करून दांडा शांतपणे काढता आला असता, आणि रात्र निभावली असती. चूक त्याही आधीची होती. लास पाल्मासला तपासणी करताना ऑटोपायलट चालतो का ते मी बटण दाबून पाहिलं होतं आणि यादीत खूण केली होती. लॉकर सामानाने भरलेलं होतं, म्हणून बोल्टांना हात लावला नव्हता. हे सगळं आम्ही मालकाला लिहून कळवलं.

आता नोंदवहीत आमचा एक जास्तीचा रकाना आहे, ‘आवाज’. वारा, वेग, जहाजं यांच्या शेजारी. काही ऐकू आलं नसेल तरी ‘नाही’ असं लिहायचं, कोरा सोडायचा नाही. आणि वॉच बदलताना तो मोठ्याने वाचून दाखवायचा.

पुढच्या कामात, पहिल्याच रात्री, पहाटे साडेतीनला त्याने मला खांद्याला धरून हलवलं. “अगं, ऊठ. काहीतरी वाजतंय.” मी उठले. दोघांनी बॅटरी घेऊन शोधलं. फळीमागच्या कप्प्यात मेतकुटाचा डबा घरंगळत होता. मी त्याच्याभोवती टॉवेल गुंडाळला, त्याने वहीत वेळ लिहिली, आणि मी परत झोपायला गेले.